आईची वाकळ, आईचं बायबल: दीर्घायुषी, प्रार्थनाशील आईची आठवण कशी जपावी

आमची आई ९२ वर्षांची होऊन प्रभूघरी गेली. पेटी बंद करण्याआधी धाकट्या बहिणीनं तिच्या हाताखाली तिचं जुनं गीतपुस्तक ठेवलं. सगळ्यांनाच ते पटलं, मलाही. रात्री दिवा लावून बसलो होतो तेव्हा मावशी म्हणाली, "अगं, त्यात प्रत्येक गीताच्या बाजूला ताईनं नावं लिहिली होती ना? हे कुणाच्या लग्नात म्हटलं, ते कुणाच्या मातीला म्हटलं." आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, साठ वर्षांचा इतिहास पेन्सिलीनं लिहिलेला होता आणि तो त्या दिवशी संध्याकाळी मातीआड गेला होता.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत अशा आया अजून आहेत आणि एकेक करून जात आहेत. त्या गेल्यावर काय करायचं, कुठल्या क्रमानं करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही चुकत चुकत जे शिकलो ते इथे लिहिते.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात यापो गावच्या टबीथेची, म्हणजे दुर्कसेची गोष्ट आहे. ती वारली. येशूचा शिष्य पेत्र आला. माडीवर विधवा रडत उभ्या होत्या. त्या "ती फार थोर होती" असं म्हणाल्याचं तिथं लिहिलेलं नाही. दुर्कस त्यांच्यात असताना तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्यांनी पेत्राला दाखवली. आईची आठवण करण्याची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. स्तुती कमी करायची आणि तिच्या हातचं दाखवायचं. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

पहिला दिवस: दोन माणसं नेमा

घरात रडारड असते, पै-पाहुणे कोल्हापूर, मिरज, पुणे, गोव्याहून निघालेले असतात, पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वेळ विचारत असतात. अशा वेळी सगळ्यांनी सगळं करायचं नाही. एक माणूस कागदांसाठी नेमा. दुसरा माणूस आईच्या वस्तूंसाठी. हा दुसरा माणूस कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. त्यानं दोन नियम पाळायचे आणि इतरांकडून पाळून घ्यायचे: फोटो काढल्याशिवाय पेटीत काहीही जाणार नाही, आणि चाळीस दिवस घरातून आईची एकही वस्तू बाहेर जाणार नाही. साड्या वाटायची घाई असते, खोली रिकामी करायची घाई असते. ती घाई मायेपोटीच होते, पण तिच्यात चिठ्ठ्या, पाकिटं, जुने चष्मे, उशीखालची वही निघून जाते. आईच्या हातात बायबल ठेवायची तुमच्या घरची रीत असेल तर बाजारातून नवं आणून ठेवा. तिचं वापरलेलं घरात राहू द्या.

कागदांचं थोडक्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. उशीर झाला तर दंड आणि परवानगी लागते, वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, राहत्या गावी नव्हे. आपल्या सीमेवर याला फार महत्त्व आहे. आई बेळगावची, पण मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यात गेली, तर नोंद महाराष्ट्रात होईल आणि दाखला मराठी-इंग्रजीत मिळेल. इथे गेली तर कन्नड-इंग्रजीत. घरी मृत्यू झाला असेल तर शेवटी तपासत असलेल्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला त्याच दिवशी घ्या. हा नमुना ४ए, दवाखान्यातल्या मृत्यूसाठी नमुना ४. आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डावरून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. बाप्तिस्म्याचं नाव, माहेरचं नाव, शाळेतलं नाव आणि कन्नडमधून उतरलेलं रेशन कार्डावरचं नाव, अशी आमच्या आईची चार नावं निघाली. पेन्शन आणि बँकेसाठी नंतर त्याचा फार त्रास झाला.

शोकपत्रिका किंवा बॅनर छापायला द्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. छापखान्यातल्या तयार नमुन्यात नावाआधी "कै." असतं आणि खाली तेराव्याची ओळ असते. "कै." म्हणजे कैलासवासी. आपण "ख्रिस्तवासी" किंवा साधं "दिवंगत" लिहितो. सांगितल्याशिवाय हे बदललं जात नाही, आणि मातीच्या दिवशी बॅनरकडे बघून वाद घालण्याची कुणाला ताकद नसते.

चाळीस दिवसांच्या आत: आवाज गोळा करा

९० पार केलेल्या आईच्या बरोबरीची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलेली असतात. मातीला येतात, पाठीवर हात फिरवतात, एखादी अशी गोष्ट सांगून जातात की आपण पोटची मुलं असून ती कधी ऐकलेली नसते. त्यांच्याकडे महिन्याभरात परत जा. फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, त्यांना विचारून. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, फोन त्यांच्या बाजूला उशीवर ठेवा. एका बैठकीला पाऊण तास पुरे, म्हातारी माणसं दमतात.

"आई कशी होती?" असं विचारलं की उत्तर येतं, "देवमाणूस होती बाई." मग पुढं काही नाही. त्याऐवजी बारीक विचारा. पहाटे ती कुठे बसून प्रार्थना करायची? मोठ्यानं की मनात? कुणाचं नाव घेताना तिचा आवाज बदलायचा? महिला मंडळात चहा कोण करायचं, हिशेब कोण ठेवायचं? कुणाशी तिचं भांडण झालं होतं आणि ते कसं मिटलं? नाताळात करंज्यांना सारण काय भरायची? मी एका वयस्क मावशींना विचारलं, "आई प्रार्थनेला बसली की हात कसे ठेवायची?" त्यांनी हात करून दाखवले, पदराच्या टोकाला गाठ मारत मारत. एका माणसासाठी एक गाठ. मी साठ वर्षं तो चुरगळलेला पदर पाहिला होता.

शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अक्कांना विसरू नका. त्यांना कन्नडमध्येच बोलू द्या, मध्ये भाषांतर करू नका. ते नंतर शांतपणे करता येतं. आमच्या आईनं चाळिशीत कन्नड अक्षरं गिरवली ती शेजारणीकडून, आणि पुढे तिलाच कन्नड शुभवर्तमान वाचून दाखवायची. हे आम्हाला त्या अक्कांनी सांगितलं. आई या गोष्टीबद्दल कधी बोलली नव्हती.

सनावळी आठवत नसतील तर मोठ्या घटनांचे खुंटे ठोका. १९४७ला तू किती मोठी होतीस? १ नोव्हेंबर १९५६ला आपण म्हैसूर राज्यात गेलो तेव्हा लग्न झालं होतं का? ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा कडेवर कोण होतं? १९७२चा दुष्काळ? माणसाला तारीख आठवत नाही, पण कडेवरचं मूल आठवतं.

आईचं बायबल: पान न् पान

हे काम सगळ्यात सावकाश करा. भक्तिमान बाईचं बायबल ही तिची डायरीच असते. दुसरी डायरी लिहायला तिला कधी उसंतच मिळाली नाही.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीशी बसा. ऊन थेट नको, फ्लॅश तर मुळीच नको. पुस्तक पूर्ण १८० अंशांत उघडून दाबू नका, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवून आधार द्या. फोन पानाला समांतर धरा. आधी कव्हर, मग आतलं पहिलं पान. तिथे बहुतेक जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मरण यांची यादी असते. मग खूण असलेलं प्रत्येक पान. पेन्सिलीची रेघ फिकट असेल तर उजेड तिरका पडेल असं पुस्तक वळवा, रेघ उठून दिसते. मध्ये सापडलेली चिठ्ठी, वाळलेलं फूल, बसचं तिकीट आधी जागेवरच टिपा आणि मगच उचला. ते कुठल्या पानात होतं यातच अर्धा अर्थ असतो. आमच्या आईच्या बायबलात यशयाच्या ४०व्या अध्यायात माझ्या भावाच्या ऑपरेशनची पावती होती.

फोटोंना लगेच नावं द्या: "यशया ४०, समास, निळी शाई". व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं पुसट होतात. एक संच पेन ड्राइव्हवर, एक गावाबाहेरच्या भावंडाकडे.

पुस्तक जपायचं तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. टेप दहा-पंधरा वर्षांत पिवळी होऊन कागद खाते. धुतलेल्या, स्टार्च न केलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. खानापूरकडच्या पावसात कपाटसुद्धा घामेजतं, म्हणून जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवा, पण पुस्तकाला टेकवून नव्हे. पावसाळा संपला की सावलीत एक दिवस हवा द्या. कसर लागली आहे का ते तेव्हाच कळतं.

तिच्या हातच्या वाकळेचेही असेच फोटो काढा, आणि कुठलं ठिगळ कुणाच्या कपड्याचं हे सांगणारं कुणी असेल तोवर ते लिहून ठेवा. आमच्या वाकळेत वडिलांचा खाकी शर्ट आहे, माझा परकर आहे, आणि एक हिरवा तुकडा आहे ज्याचं कुणालाच काही माहीत नाही.

सनावळी जुळवणं

१९३०च्या सुमारास बेळगाव जिल्ह्यात जन्मलेली बाई गाव न सोडता मुंबई प्रांतात जन्मली, मुंबई राज्यात नांदली, १९५६ला म्हैसूर राज्यात गेली आणि १ नोव्हेंबर १९७३पासून कर्नाटकात राहिली. तिचे कागद शोधताना हे ध्यानात ठेवा. जुन्या दाखल्यावर "मुंबई" दिसलं म्हणजे ती मुंबई शहराची होती असं नव्हे. आमच्या एका भाच्यानं तसं लिहूनही टाकलं होतं.

जन्मतारीख १ जून असेल तर थांबा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिण्याची पद्धत सर्रास होती. खरी तारीख बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मिळण्याची शक्यता जास्त. त्यासाठी पाळकांना किंवा फादरांना लेखी अर्ज द्या. त्यात आईचं माहेरचं नाव, तिच्या आईवडिलांची नावं आणि अंदाजे दोन-तीन वर्षांचा टप्पा द्या, आणि वही हाताळायला मागण्याऐवजी उतारा मागा. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं आणि पुढे ते मेथडिस्ट मिशनकडे आलं, त्यामुळे एकाच घराण्याच्या नोंदी दोन वेगवेगळ्या वह्यांत असू शकतात. लंडन मिशनचे जुने कागद लंडन विद्यापीठाच्या सोआस ग्रंथालयात आहेत. घरात तिकडे शिकणारं कुणी नातवंड असेल तर त्याला कामाला लावा. कॅथलिक घरांसाठी, बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली गोव्याच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असू शकतात, फादरांकडून वाचून घ्या.

जीवनवृत्त लिहिताना

मातीच्या वेळी वाचायचं ते वेगळं आणि घरासाठी जपायचं ते वेगळं. पहिलं पाच मिनिटांचं, म्हणजे फूलस्केपचं दीड पान. एकानंच लिहावं, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचून पाहावं.

विशेषणं खोडा. "प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू व देवभीरू" ही चार विशेषणं मी या जिल्ह्यात प्रत्येक बाईच्या मातीला ऐकली आहेत. त्यांच्या जागी काम ठेवा. आम्ही आधी लिहिलं होतं, "आई गोरगरिबांना मदत करायची." नंतर लिहिलं, "दर पगाराला आई तांदळाची एक पिशवी वेगळी बांधायची. ती कुणाच्या घरी जाते हे विचारलेलं तिला खपायचं नाही." दुसरं वाक्य वाचलं तेव्हा मागच्या बाकावरची एक बाई हमसून रडली. पिशवी कुठे जायची ते आम्हाला तेव्हा कळलं.

आई कडक असेल तर तसं लिहा. आमची आई रविवारी अभ्याससुद्धा करू देत नसे आणि भावाचं मंडळीबाहेरचं लग्न तिनं सहा वर्षं मनाला लावून घेतलं होतं. सातव्या वर्षी ती स्वतः सुनेच्या बाळंतपणाला गेली, तीन महिने राहिली. पहिला भाग वगळला असता तर दुसऱ्याला काही किंमत उरली नसती. पण हे लिहिण्याआधी ज्याच्यावर बेतलं त्याची परवानगी घ्या. मी वहिनीला आधी वाचून दाखवलं.

वचन निवडताना स्तोत्र २३ आणि नीतिसूत्रे ३१ सगळेच घेतात. ती सुंदरच आहेत. पण आधी आईच्या बायबलात तिनं कशाखाली रेघ मारली आहे ते बघा. तिथं काही सापडलं नाही तर स्तोत्र ७१ वाचा, ती पिकल्या केसांच्या माणसाची प्रार्थना आहे. किंवा तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय. त्यात आजी लोईस आणि आई युनीके या दोघींच्या विश्वासाची नावानिशी आठवण आहे.

स्मरणाची सभा

आपल्यात रीती वेगवेगळ्या आहेत. कॅथलिक घरांत सातव्या दिवसाचा, महिन्याचा, वर्षाचा मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, होतो, मृतात्म्यासाठी प्रार्थना होते. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, आईच्या आयुष्याबद्दल देवाची उपकारस्तुती करतात. ज्या घरात सून एकीकडची आणि आई दुसरीकडची, तिथे पत्रिका छापण्याआधी पाळक किंवा फादरांशी बसून बोला. आईच्या मंडळीची रीत मुख्य धरावी, हे माझं मत. तिचा दिवस आहे.

सभा सव्वा तासाच्या वर नेऊ नका. आईच्या आवडीची तीन गीतं, एक वाचन, जीवनवृत्त, दोन साक्षी, छोटा संदेश, प्रार्थना. बोलणारे दोनच ठेवा आणि आधी ठरवा: एक घरचं, एक बाहेरचं. "कुणाला बोलायचं आहे का?" असं विचारलंत तर मग थांबवता येत नाही. गाणी पेटी-टाळावरची असतील तर वाजवणाऱ्याला पट्टी आधी सांगा. म्हातारे गळे वरच्या पट्टीत जात नाहीत, आणि ही गीतं पाठ असतात ती त्यांनाच.

आपल्या भागात सभेला निम्मे लोक हिंदू, जैन, मुसलमान शेजारी असतात, आणि कन्नड बोलणारेही. कागदावर कधी उभं राहायचं, कधी बसायचं हे मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा. एखादं वाचन कन्नडमध्ये ठेवा. आम्ही ते अक्कांच्या नातीला दिलं. आणि दाराशी एका टेबलावर वाकळ पसरून ठेवा, बायबल उघडं ठेवा, तिचा चष्मा, सुई-दोऱ्याचा डबा. शेजारी एक वही आणि दोन पेनं. लोक रांगेनं थांबतात, हात लावतात, लिहितात. विधवांनी पेत्राला दाखवलं तसंच हे. आमच्या वहीत ४१ जणांनी लिहिलं. त्यातलं निम्मं आम्हाला नवीन होतं.

दोन नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एक नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि दुसरीकडे सीमाभाग महाराष्ट्रात नाही याच्या निषेधाचा काळा दिवस. रस्ते अडतात, दुकानं बंद असतात. फुलं आणि मेणबत्त्या ३१ ऑक्टोबरलाच आणून ठेवा, आणि साफसफाईला त्याआधीच्या रविवारी जा.

कबरीचा दगड

घाई नको. एक पावसाळा जाऊ द्या, माती बसू द्या. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. लगेच जड दगड बसवला तर वर्षात कलतो. तिथे खाली काँक्रीटचा पट्टा घ्या. दफनभूमीच्या समितीची लेखी परवानगी आणि मापं आधी घ्या. कुटुंबाच्या जुन्या कबरीत दफन केलं असेल तर पहिल्या दगडावरचं नाव राखून नवं कसं बसवायचं तेही विचारा.

मजकूर कमी ठेवा. नाव, माहेरचं नाव, सालं, एक वचन. जन्मतारीख पक्की नसेल तर नुसतं साल लिहा. अक्षरं रंगवलेली नको, खोल कोरलेली हवीत. आमच्याकडे कोरणारे बहुतेक कन्नड लिपीत तयार असतात, त्यामुळे देवनागरीतला रफार, "ऱ्या" आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. आमच्या दगडावर पहिल्या वेळी "स्मर्णार्थ" आलं होतं. म्हणून मजकूर प्रत्यक्ष दगडाच्या मापात कागदावर छापून घ्या, तिघांनी सह्या करा, तोच कागद दगडावर चिकटवून कोरायला सांगा. लिपी कुठली? आईनं ज्या लिपीत प्रार्थना लिहिल्या ती वर. नातवंडांना वाचता येईल ती खाली. यात राजकारण आणायची गरज नाही.

तिच्या नावानं देणं, तिच्या नावांची प्रार्थना

वाटणीचं दोन ओळींत. भारतीय ख्रिस्ती कुटुंबाला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगी आणि मुलगा यांचा वाटा सारखा, आणि वडील हयात असतील तर त्यांचा एक तृतीयांश. आईच्या बांगड्यांवरून बहिणी-बहिणींत अबोला धरला जाण्याआधी हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

मंडळीला देणगी द्याल तर कशासाठी ते पत्रात लिहून द्या आणि पावती घ्या. पंखा आणि घड्याळ देण्याची रीत आहे, पण प्रत्येक भिंतीवर घड्याळं झाली आहेत. आई शिक्षिका होती म्हणून आम्ही संडे स्कूलच्या मुलांना दर जूनला वह्या आणि मराठी नवे करार (बायबलचा दुसरा भाग) देतो. २५ मुलं आहेत. बायबलच्या पहिल्या पानावर आईचं नाव छापत नाही, मुलाचं हातानं लिहितो. ती तसंच करायची.

आणि शेवटी प्रार्थनेची यादी. बायबलच्या मागच्या पानांवर, कॅलेंडरच्या मागे, औषधाच्या पाकिटावर अशी मिळून आईची १३७ नावं आम्हाला सापडली. काहींच्या पुढे तारीख आणि बरोबरची खूण, काहींच्या पुढे काहीच नाही. ही नावं एका स्वच्छ वहीत उतरवली, कोण कुणाचं ते मावशीला विचारून लिहिलं, आणि आम्हा पाच भावंडांत वाटून घेतली. एकेकाच्या वाट्याला २७-२८ नावं आली. रोज पाच घेतली तर आठवड्यात फेरी पूर्ण होते. माझ्या वाट्याला आलेल्यांत निपाणीच्या विडी कामगार बाईंचं नाव आहे. खूण नसलेलं. मागच्या महिन्यात मी पत्ता शोधून त्यांच्या घरी गेले. बाई आता नाहीत. त्यांची मुलगी दारात आली. मी आईचं नाव सांगितलं तसं तिनं आधी मला आत बसवलं, चहा ठेवला आणि मग विचारलं, "आमच्या आईसाठी त्या अजून प्रार्थना करत होत्या?"